पिनेचा स्वधर्म

शिअर पिन म्हणजे मोडण्यासाठीच बसवलेली पिन. यंत्राचे बाकीचे भाग टिकावेत म्हणून घडवलेले असतात. ही एकटी वेळ आली की टिकू नये म्हणून घडवलेली असते. अ‍ॅक्सल आणि त्यावर बसणारा चाकाचा हब यांना आरपार भोक पाडतात, त्यात ही पिन आडवी घालतात आणि इंजिनाची सगळी ताकद तिच्यातून चाकाकडे जाते. चाक दगडात अडकले आणि इंजिन मात्र माघार घेईना, तर अ‍ॅक्सलला पीळ बसण्याआधी, चेन तुटण्याआधी, गिअरबॉक्सचे दात पडण्याआधी ही पिन कातरल्यासारखी कापली जाते. गॅरेजमध्ये तिला 'शेअर पिन' म्हणतात. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये 'काल माझा शेअर तुटला' असे कोणी म्हटले, तर डब्यातली सहानुभूती भलत्याच कारणासाठी मिळते.

या पिनेचा खरा संसार उभयचर गाड्यांत असतो. उभयचर म्हणजे जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे वावरणारा; शाळेच्या पुस्तकात हा मान बेडकाचा होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात 'जायगर' नावाची सहाचाकी गाडी निघाली आणि १९६७ मध्ये ऑन्टारिओ प्रांतातल्या न्यू हॅम्बर्ग गावातून 'आर्गो' आली. आंघोळीच्या टबासारखे अंग, त्याला सहा किंवा आठ फुगीर टायर आणि आत एक लहानसे इंजिन, एवढाच हा ऐवज. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड हवा असते, या टायरांत दोन ते पाच पौंड. म्हणून गाडी चिखलात रुतत नाही, त्यावर पसरते. पाण्यात उतरल्यावर हेच टायर वल्ह्यांचे काम करतात आणि गाडी ताशी चार-पाच किलोमीटरने, म्हणजे बाजारातून घरी निघालेल्या माणसाच्या चालीने, पलीकडे जाते.

या गाडीचे वळणेही वेगळे. पुढची चाके तिरकी होत नाहीत. डाव्या बाजूची चाके रोखायची, उजव्या बाजूची चालू ठेवायची, की गाडी डावीकडे फिरते. एका बाजूची सगळी चाके चेनने एकाच चालीला बांधलेली असतात. एकाने जरा मागे राहतो म्हटले तरी सोय नाही. साध्या बनावटीच्या गाड्यांत चाक आणि अ‍ॅक्सल यांच्यामधला दुवा म्हणून हीच आडवी पिन असते, आणि पुढे येणाऱ्या बहुतेक भानगडींचे मूळ या बांधलेपणात आहे.

भारतात या जातीचे सर्वांत ठळक उदाहरण लष्कराकडे आहे. 'एटॉर एन १२००' ही माणसाएवढ्या टायरांची गाडी जेएसडब्ल्यू गेको मोशन ही कंपनी बनवते. लष्कराने अशा ९६ गाड्या मागवल्या. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती 'कपिध्वज' या नावाने दिमाखात गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंजाबच्या पुरात लोकांना बाहेर काढायला उतरली. मुंबई पोलिसांनी २००९ मध्ये न्यूझीलंडच्या 'सीलेग्ज' बोटी आणल्या. त्या पाण्यातून चाकांवर चालत किनाऱ्यावर येतात. त्यांची चाके तेलाच्या दाबावर फिरतात, म्हणून तिथे पिनेचे काम एक झडप करते: दाब फार वाढला की ती उघडून तेलाला परतीची वाट दाखवते. त्यागाची जागा तीच, मूर्ती वेगळी.

सांडोरमध्ये अशी गाडी नाही. वसई पश्चिमेच्या पट्ट्यातले, पापडीजवळचे हे गाव. एका अंगाला केळीच्या आणि भाजीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला दरवर्षी एक मजला उंच होणाऱ्या इमारती. तरीही उभयचर गाडीच्या दृष्टीने हा मुलूख सर्वगुणसंपन्न आहे. दक्षिणेला वसईचा किल्ला. त्याच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल असल्यामुळे चिमाजी अप्पांच्या फौजेला १७३९ मध्ये जमिनीच्या एकाच बाजूने झुंजावे लागले. पश्चिमेला भुईगावकडे खारपाट, पूर्वेला रुळांपलीकडे मिठागरे, आणि वाड्यांमधून जागोजाग गोड्या पाण्याची बावखले. जुलैत या सगळ्यांची एकमेकांशी ओळख होते.

जुलैतल्या वसईत प्रत्येक वाहन उभयचर होते. फक्त ते बनवणाऱ्या कारखान्याला याचा पत्ता नसतो. पाण्याची खोली मोजायला इथे मीटरचा उपयोग होत नाही. घोटाभर, पोटरीभर, गुडघाभर आणि 'आता नको जाऊ' अशी चार मापे आहेत, आणि ती समोरून चालत येणाऱ्या माणसाच्या पायावर वाचायची असतात. समोरचा उंच असेल तर हिशेब चुकतो आणि स्कूटर बंद पडते. जुलै २०१८ मध्ये मात्र थट्टेला जागा राहिली नव्हती. नालासोपाऱ्याजवळ वडोदरा एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली आणि मिठागरांत अडकलेल्यांना बोटींनी आणावे लागले. पुढच्या वर्षी २७ जुलैला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसचे सुमारे १,०५० प्रवासी असेच सोडवले गेले.

या बोटींमुळे विषय पुन्हा पिनेवर येतो. लहान आउटबोर्ड इंजिनाच्या पंख्याला शिअर पिन असते आणि मोठ्याच्या पंख्यात तेच काम करणारा रबरी बुश. पुराच्या पाण्याखाली रस्त्याचा दुभाजक, बसथांब्याचे बाकडे, कोणाची तरी पार्क केलेली मोटारसायकल असे सगळे शहर नांदत असते. पंखा त्यावर आपटला की पिन जाते, इंजिन एकदम मोठ्याने ओरडते आणि बोट जागेवर राहते. हा पिन तुटल्याचा खास आवाज: काम शून्य, घोषणा जोरात. वाडीतल्या पॉवर टिलरच्या पात्यांना आणि ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरच्या शाफ्टलाही याच जातीची पिन किंवा बोल्ट असतो. म्हणजे सांडोरकराला उभयचर गाडीचे शास्त्र शिकण्यासाठी उभयचर गाडीची गरज नाही.

तसे तर प्रत्येक घरात शिअर पिनेचे भाऊबंद राहतात. विजेच्या बोर्डातला फ्यूज हा थोरला. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा मधला. शिट्टीचे भोक तुंबले की तो वितळून वाफेला वाट देतो. मिक्सरच्या भांड्याखालचा कपलर हा धाकटा. ओल्या खोबऱ्याचे मोठे तुकडे पाण्याशिवाय घातले की तो फाटतो आणि मोटर वाचते. या तिघांबद्दल घरातले मत मात्र एकच असते: 'कंपनीने हलका माल घातलाय.' मग फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी पंख्याच्या वायरमधली जाड तांब्याची तार पिळून बसवली जाते. त्यानंतर फ्यूज कधीच जात नाही. पुढच्या वेळी भिंतीतली वायरिंग जाते.

अ‍ॅक्सलची पिन तुटू नये म्हणून काय करावे, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले: न तुटणारी पिन बसवावी. दुसरे: ती ज्या कारणांनी तुटते ती कारणे काढावीत. पहिले उत्तर सोपे आहे, लगेच सुचते, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर एकमताने मंजूर होते आणि चुकीचे आहे. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून त्याचा विस्तार पुढे केला आहे.

आधी पिनेचा हिशेब. २५ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्सलला आरपार पिन घातली, तर ती दोन ठिकाणी कापली जाते, हबला जिथे जिथे अ‍ॅक्सल भिडतो तिथे. अ‍ॅक्सलवर २५० न्यूटन-मीटरचा पीळ आला, की या दोन्ही ठिकाणी प्रत्येकी दहा हजार न्यूटन जोर येतो, म्हणजे पिनेच्या दोन्ही कापांवर साधारण एकेक टन. ६ मिलिमीटरच्या पिनेचे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटरच्या जरा वर भरते. भागाकार केला की दर चौरस मिलिमीटरला साडेतीनशे न्यूटन. साधे माइल्ड स्टील अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान कापले जाते. म्हणजे पिन गेली, अ‍ॅक्सल राहिला, शाळेतल्या गणिताला पूर्ण मार्क.

आता मालक पापडीच्या हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि म्हणतो, 'भाऊ, जरा जाड द्या.' ६ ऐवजी ८ मिलिमीटर. दिसायला फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे आठ-दहा पोस्टकार्डे एकावर एक ठेवावीत एवढा. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून पिनेची ताकद पावणेदोन पटीवर जाते. दुकानदार हुशार असेल तर विचारतो, 'साधा देऊ की हायटेन्साइल?' या प्रश्नाला आजवर कोणीही 'साधा' असे उत्तर दिलेले नाही. बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की ताणून तोडायला दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन जोर लागतो ते कळते: ४.६ म्हणजे ४००, ८.८ म्हणजे ८००. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा वाकेल. ६ मिलिमीटर माइल्ड स्टीलच्या जागी ८ मिलिमीटरचा ८.८ बसवला, की पिन जवळजवळ साडेतीन पट बळकट होते. ती आता तुटणार नाही. तुटण्याचे ते काम तिने अ‍ॅक्सलकडे सोपवलेले असते.

पिनेच्या जागी भलतेच काही घालण्याची परंपरा जुनी आहे. कीर्तनकार सांगतात, ऐन युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निखळली तेव्हा कैकेयीने तिथे आपले बोट घातले आणि रथ सावरला. ती खीळ चाक निसटू नये म्हणून होती, मोडण्यासाठी नव्हती, हा तांत्रिक फरक इथे सोडून द्यावा. पर्यायी पिनेचा खर्च त्या वेळी कोणी विचारला नाही. बिल बऱ्याच वर्षांनी आले: दोन वर, त्यांपैकी एकाची मुदत चौदा वर्षे.

कलियुगातल्या वाडीत बोटाऐवजी खिळा, सायकलची आरी, छत्रीची काडी, मोडका स्क्रूड्रायव्हर आणि ड्रिलचा बिट यांची वर्णी लागते. खिळा मऊ वाटतो, पण तो थंड ओढलेल्या तारेचा असल्यामुळे वाटतो त्याहून कडक असतो. ड्रिलचा बिट तर स्वतः लोखंड कापायला जन्मलेला. तो भोकाच्या कडा खातो आणि अचानक काचेसारखा तडकतो. स्टेनलेस स्टीलची पिन गंजत नाही म्हणून किनाऱ्यावर आवडते. पण ती कापली जाण्याआधी लांबते, वाकते आणि भोकात चिकटून बसते. छत्रीची काडी त्यातल्या त्यात निरुपद्रवी. ती वाडीच्या फाटकापर्यंतही टिकत नाही आणि पावसाळ्यात छत्री मात्र जाते.

तुटण्याचे पहिले कारण म्हणजे चुकीची पिन. म्हणून पहिला नियम: गाडीच्या पुस्तकात जी पिन सांगितली असेल तीच, त्याच धातूची आणि त्याच जाडीची बसवावी. पिनेऐवजी बोल्ट असेल तर त्याचे आटे कापाच्या जागी येऊ देऊ नयेत. ६ मिलिमीटर बोल्टच्या आट्यांपाशी प्रत्यक्ष क्षेत्रफळ वीस चौरस मिलिमीटर उरते. म्हणजे अठ्ठावीसच्या जागी वीस, आणि मग बोल्ट विनाकारण तुटतो. मालक मग 'हलका माल' म्हणून जाड बोल्ट आणतो, आणि गोष्ट पुन्हा मागच्या परिच्छेदांत जाते.

दुसरे कारण ढिलेपणा. पिन भोकात घट्ट बसली असेल तर ओझे सावकाश येते. भोक घासून लंबगोल झाले असेल, तर गाडी सुरू होताना अ‍ॅक्सल आधी मोकळा फिरतो आणि मग पिनेवर आदळतो. प्रत्येक सुरुवात म्हणजे हातोड्याचा एक घाव. किराणा आणायला गेलेली गाडी परत येईपर्यंत असे पन्नास-साठ घाव सहज होतात. पिन एका घावाला दाद देत नाही, पण हजार घावांनी थकते, आणि एके दिवशी काहीच झालेले नसताना तुटते. 'साहेब, नुसती उभी होती हो!' हे वाक्य अशा वेळी उच्चारले जाते आणि ते अक्षरशः खरे असते.

यावर गल्लीतला उपाय म्हणजे कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून भोकात गुंडाळणे. तो दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी पिनेबरोबर त्याचेही तुकडे काढावे लागतात. शास्त्रीय उपाय असा की भोक रीमरने स्वच्छ गोल करून पुढच्या मापाचे करावे आणि जाड पिनेला कापाच्या दोन्ही जागी लेथवर खाच मारावी. पिन ८ मिलिमीटरची, खाचेपाशी ६ मिलिमीटरची. भोकात ती घट्ट बसते आणि मोडताना जुन्याच हिशेबाने मोडते. लेथवाल्याला ही मागणी पटवणे हे कामातले सर्वांत कठीण अंग. चांगली जाड पिन आणून ती मुद्दाम कमजोर करून मागणारे गिऱ्हाईक त्याने याआधी पाहिलेले नसते. तो एकदा पिनेकडे पाहतो, एकदा गिऱ्हाइकाकडे, आणि पैसे आधी घेतो.

तिसरे कारण टायरांचे. एका बाजूची चाके चेनने बांधलेली असल्यामुळे त्यांचे फेरे सारखेच होतात. पण टायरचा घेर सारखा नसेल तर एका फेऱ्यात कापलेले अंतर सारखे येत नाही. साठ सेंटिमीटर उंचीच्या टायरचा घेर साधारण एकशे नव्वद सेंटिमीटर. दोन टायरांच्या घेरात दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर तो एक टक्क्याचा. म्हणजे दर शंभर मीटरला एका चाकाला एक मीटर पुढे जायचे असते आणि दुसऱ्याला जायचे नसते. चिखलात दोघेही थोडे घसरून तडजोड करतात. गुळगुळीत डांबरावर मात्र घसरायला जागा नाही, मग तो एक मीटरचा वाद अ‍ॅक्सलच्या पिळात साठत जातो आणि पिनेवर येऊन फुटतो. उत्तम डांबरी रस्ता हा या पिनेचा मोठा शत्रू आहे. या एका बाबतीत वसईकर गाडीमालकाने निश्चिंत राहावे.

उपाय स्वस्त आहे: एक दोरी. टायर जमिनीपासून उचलावेत, मधोमध दोरी गुंडाळून घेर मोजावा आणि सगळ्यांत लहान टायरशी बाकीच्यांची तुलना करावी. हवा थोडी कमी-जास्त करून फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आणावा. दोरी सुताची घ्यावी, नायलॉनची ताणते. केळीच्या सोपटाची दोरी फुले बांधायला ठीक. पण ती सकाळी ओली आणि दुपारी कोरडी अशी दोन वेगळी मापे देते, आणि मग घरात दोन तट पडतात.

चौथे कारण वळणे. जागच्या जागी गर्रकन फिरणे ही रिक्षावाल्याची कला आहे आणि त्याचे पुढचे चाक त्यासाठीच तिरके होते. उभयचर गाडी जागेवर फिरवली की टायर आडवे घासत जातात. चिखलात हे खपते. काँक्रीटच्या अंगणात टायर जमीन सोडत नाही, आणि जमीन, टायर, पिन या तिघांत जो लहान तो मोडतो. म्हणून कडक जमिनीवर वळण मोठे घ्यावे, पुढे जात जात घ्यावे. लग्नाच्या मांडवासमोर गाडी गोल फिरवून दाखवण्याचा आग्रह झाल्यास ती शेजारच्या ओल्या शेतात न्यावी. वऱ्हाडाच्या कपड्यांवर शिंतोडे उडतील, पण पिन वाचेल.

पाचवे आणि सर्वांत वारंवार आढळणारे कारण सीटवर बसलेले असते. चाक चिखलात भिरभिरत असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबून धरायचा, आणि त्याच वेळी चाकाखाली दगड आला की भिरभिरणारे चाक एका क्षणात थांबते. इंजिन, चेन आणि फिरत्या शाफ्टचा सगळा वेग त्या क्षणी पिनेवर येतो. गाडी पुढे जात असताना रिव्हर्स टाकणे हा याचाच दुसरा प्रकार. रुतलेली गाडी झोके देऊन काढण्याची पद्धत मोटारीला चालते. इथे प्रत्येक झोका पिनेच्या आयुष्यातून वजा होतो. रथाचे चाक रुतल्यावर कर्ण खाली उतरला आणि हाताने चाक काढू लागला. तंत्र म्हणून ते अगदी बरोबर होते, वेळ तेवढी चुकली. समोर अर्जुन नसेल तर आजही तोच मार्ग उत्तम: उतरावे, पाहावे, फळी किंवा नारळाच्या झावळ्या चाकाखाली घालाव्यात आणि हळूहळू गाडी काढावी.

हे सगळे पॉवर टिलरलाही तसेच लागू आहे. पावसाच्या उघडिपीत केळीच्या दोन ओळींमधून टिलर चाललेला असतो. पुतण्या दांड्याला, काका बांधावर. पात्यांना सोपटाची एक लांब साल गुंडाळते, मग दुसरी, मग मागच्या वर्षीच्या ठिबकची काळी नळी, आणि तळाशी कोणाची तरी प्लास्टिकची पिशवी. काका ओरडतात, 'थांब रे, गुंडाळतंय!' पुतण्या म्हणतो, 'निघंल काका, जरा रेस देतो.' तो रेस देतो. इंजिन एकदम मोठ्याने ओरडते आणि पाती शांत होतात. पुढचा अर्धा तास विळ्याने साली कापण्यात जातो. त्यातली पहिली दहा मिनिटे वायाच, कारण तेवढा वेळ पुतण्या 'पिनच हलकी होती' हे पटवून देत असतो. दर ओळीच्या शेवटी इंजिन बंद करून पाती साफ केली, तर पिन, विळा आणि काका तिघांवरचाही ताण कमी होतो.

सहावे कारण समुद्र. सांडोरची हवा खारी आहे. खिडकीच्या गजापासून देवघरातल्या टाचणीपर्यंत लोखंड इथे फार काळ तग धरत नाही. पिनेवर गंज चढला की तिचे मूळचे ६ मिलिमीटर आतल्या आत साडेपाच होतात, वर मात्र गंजामुळे ती फुगलेली दिसते आणि भोकात आवळून बसते. म्हणजे कामाच्या वेळी ती लवकर मोडते आणि काढायच्या वेळी निघत नाही. दोन्ही बाजूंनी नडणे हे गंजाला बरोबर जमते. खारपाटातून किंवा किनाऱ्यावरून आल्यावर गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी, हब सुकवावेत आणि पिन काढून ग्रीस लावून परत घालावी. दर पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या पिना नव्या घालाव्यात. जुन्या फेकून द्याव्यात, असे पुस्तकात लिहिलेले असते. वसईतल्या घरात लोखंडाची कोणतीही वस्तू आजवर फेकली गेलेली नाही, त्यामुळे हे कलम कागदावरच राहते.

एवढे सांभाळूनही पिन कधीतरी तुटेल, कारण तिचा स्वधर्मच तो. अवघड भाग हा की सहा चाकांच्या गाडीत एक पिन तुटल्याचे लगेच कळत नाही. पाच चाके गाडी ओढत राहतात आणि सहावे नुसते सोबत फिरते. सातबाऱ्यावर सहा भावांची नावे आणि वाडीत राबणारे पाच, असा प्रकार. कामाचा वाटा शेजारच्या चाकांवर जातो, त्यांच्या पिना जास्त ओझ्याने थकतात आणि काही दिवसांनी दुसरी तुटते. तिसरी तुटायला मग मुहूर्त लागत नाही. म्हणून एका दिवसात दोन पिना तुटल्या की दुसरीची चौकशी करण्याआधी पहिली कधी गेली होती ते शोधावे.

ते शोधायला सोपी युक्ती आहे. प्रत्येक हबवरून अ‍ॅक्सलच्या टोकावर अशी एक सरळ रेघ रंगाने ओढून ठेवावी. पिन शाबूत असेपर्यंत रेघ सरळ दिसते. पिन तुटून हब अ‍ॅक्सलवर सरकला की रेघेचे दोन तुकडे होतात. रंग नसेल तर घरातली नखपॉलिश उत्तम चालते. पाण्याने जात नाही आणि लांबून दिसते. ती विचारून घ्यावी. न विचारता घेतल्यास जो पीळ बसतो त्याला शिअर पिन नसते.

तुटलेली पिन काढण्याचे काम बहुधा चिखलातच करावे लागते, कारण ती सोयीच्या जागी क्वचितच तुटते. पिनेचे तीन तुकडे होतात: दोन हबमध्ये आणि मधला अ‍ॅक्सलमध्ये. बाहेरचे दोन सहज पडतात. मधला काढण्यासाठी हब फिरवत फिरवत त्याचे भोक अ‍ॅक्सलच्या भोकासमोर आणायचे आणि भोकापेक्षा जरा बारीक पंच ठेवून हातोडीने ठोकायचे. एक जण हब फिरवतो, दुसरा भोकात डोळा घालून 'अजून, अजून, बस, पुढं गेलं' असे म्हणतो, तिसरा बॅटरी धरतो आणि चौथा सुरुवातीपासून सांगत असतो की जाड पिन घातली असती तर ही वेळ आली नसती. पंच नसेल तर मोठा खिळा या कामी वापरता येतो. खिळ्याचा या विषयातला हा एकमेव मान्य उपयोग. तो ठोकून बाहेर काढावा; मधला तुकडा पडल्यावर 'आता खिळाच राहू दे' असा विचार मनात येतो, तेव्हा कैकेयी आठवावी.

शेवटी सुट्या पिनांचा प्रश्न. गाडीबरोबर निदान चार पिना असाव्यात, सगळ्या एकाच मापाच्या, ग्रीस लावून प्लास्टिकच्या डबीत. बहुतेक ठिकाणी त्या असतातही, पण घरी, कपाटावरच्या जुन्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. सोबत तिथे विकून टाकलेल्या सायकलची किल्ली, तीन प्रकारचे नट, जुन्या नळाचा वॉशर आणि मोजणीचे कोणते तरी दोन कागद असतात. भुईगावच्या खारपाटात भरती चढत असताना त्या डब्याचा उपयोग होत नाही. पिनांची डबी, पंच आणि हातोडी गाडीच्या सीटखाली तारेने बांधून ठेवावी. वापरलेली प्रत्येक पिन त्याच आठवड्यात नवी आणून भरावी, आणि दुकानदाराने 'साधा देऊ की हायटेन्साइल?' असे विचारले, तर न लाजता 'साधा' म्हणावे. हातोडी शेजाऱ्याची असल्यास परत करावी.